पांढरी चिंधी

दुकानाच्या दारावर पाटी होती, ‘बंदुका दुरुस्त व साफ करून मिळतील’. तिच्याखाली कुणा चावटाने खडूने लिहून ठेवलं होतं, ‘मालकिणीची जीभ मात्र दुरुस्त होणार नाही’. मालकिणीने ते पुसलं नव्हतं. खोटं काय होतं त्यात? लोखंडावर कानस चालावी तशी तिची जीभ माणसांवर चालायची, म्हणून सगळे तिला कानसबाई म्हणायचे. वय पंचेचाळीस, बोटांच्या पेरांत तेलाचा काळेपणा कायमचा मुरलेला, आणि काम करताना घालायचा जाड चष्मा जेवतानासुद्धा कपाळावर सारलेला.

दुकानाचे दोन भाग होते. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. मधल्या दाराला कवाड नव्हतं आणि त्या जागी आईची खुर्ची होती. आई दिवसभर तिथे बसून विणायची. तिची पंचाहत्तरी उलटली होती, पण नजर शाबूत होती, कानही शाबूत होते, आणि जीभही. फक्त ती जीभ लेकीशी सहा वर्षांत एकदाही बोलली नव्हती. आई बोलायची ती खिडकीशी, भिंतीशी, चहाच्या किटलीशी. “कुणीतरी चहा टाकला तर बरं होईल.” “कुणीतरी खिडकी लावा, वारा येतोय.” घरात माणसं दोनच, तेव्हा कुणीतरी म्हणजे कोण हे समजायला ज्योतिषी लागत नव्हता.

कानसबाई चहा टाकायची, खिडकी लावायची. जगाला तासून काढणारी बाई आईपुढे मात्र मुकाट होती.

मंगळवारी दुपारी वखारवाला आला. लाकडाची मोठी वखार होती त्याची, त्यावरून हे नाव. अंगाने भरलेला, बोलायला गोड. सहा वर्षांत त्याने या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. आला तो थेट काउंटरवर लांबोडकी पेटी ठेवून म्हणाला, “ओळख आहे ना बाई?”

“विसरता आली असती तर बरं झालं असतं.”

तो हसला. “सुटली एकदाची सरकारी कोठारातून. सहा वर्षं सडवली हो! पुढच्या आठवड्यात शिकारीचा हंगाम सुरू होतोय. तेवढी साफसूफ करून द्या.”

“माझ्याकडे आणलीत?”

“जवळपास दुसरं आहे कोण? आणि हे बघा, मी मनात काही ठेवत नाही. चूक काय, माणसाच्याच हातून होते. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय.”

दारातल्या खुर्चीवरच्या विणायच्या सुया थांबल्या. कानसबाईच्या जिभेवर जे आलं ते ऐकून वखारवाल्याच्या सात पिढ्या ताठ उभ्या राहिल्या असत्या. पण आई ऐकत होती. कानसबाईने पेटी ओढून घेतली आणि म्हणाली, “शनिवारी या.”

त्या रायफलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कानसबाईच्या वडिलांनी दुकान घातलं तेव्हा तीन नियम घातले होते. पहिला, बंदूक देणाऱ्याने ‘बघ’ म्हणायचं. घेणाऱ्याने बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती कडी, उघडा असताना गोळीच्या घरात डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, ‘बघितलं’ म्हणायचं आणि मग वहीत सही करायची. देणारा राजा असो की सख्खा बाप. दुसरा, साफ करताना नळीत जितक्या चिंध्या आत तितक्या बाहेर, मोठ्याने मोजून. तिसरा, शेवटची चिंधी पांढरीशुभ्र निघाली की ती वहीच्या पानाला टाचायची. गिऱ्हाईक म्हणालं, साफ केलीच नाही, तर पान उघडून दाखवायचं. आईने लग्नानंतर पहिल्यांदा लिहिलेला शब्द ‘बघितलं’ हा होता, असं वडील चारचौघांत सांगायचे. ते घरी नसताना वहीवर तीच सह्या करायची.

या घरातली मुलं ‘आई’, ‘बाबा’ यांच्या पाठोपाठ ‘बघ’ म्हणायला शिकली. मुलं दोन. थोरली ही, आणि तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेला धाकटा. धाकट्याला लोखंडाचा कंटाळा. तो रानात रमायचा, शिकाऱ्यांना वाट दाखवायचं काम करायचा.

सहा वर्षांपूर्वी वखारवाल्याने याच रायफलीवर नवी दुर्बीण बसवून घेतली. चाचणीसाठी काडतुसांची पेटी त्यानेच आणून दिली. कानसबाईने नेम जुळवला, चाचणीच्या गोळ्या उडवल्या, नळी पांढरी चिंधी निघेपर्यंत साफ केली, चिंधी पानाला टाचली. उरलेली काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात परत दिली. मग रायफल काउंटरवर ठेवून म्हणाली, “बघा.” बाहेर वखारवाल्याची गाडी घरघरत उभी होती. त्याने न बघताच ‘बघितलं’ पुढे सही ठोकली. “तुम्ही बघितलंत ना? झालं तर मग!” आणि कानसबाईने जाऊ दिलं. उभ्या आयुष्यात एकदाच जाऊ दिलं. रायफलीला तिने चिठ्ठी बांधली होती: ‘रिकामी. बघितलं.’ खाली तिची सही.

दोन दिवसांनी रानातल्या झोपडीत धाकट्याने वखारवाल्याला द्यायला म्हणून ती पेटीतून काढली. दुसऱ्या कुणाची असती तर आधी बोल्ट उघडून बघितलं असतं. ते त्याच्या हाडात होतं. पण चिठ्ठीवर ताईचं अक्षर होतं. त्याने नळीला धरून रायफल आपल्याकडे ओढली.

चौकशीत वखारवाला शपथेवर म्हणाला, “दुकानातून पेटी घरी नेली, घरातून रानात नेली. मधे उघडलीसुद्धा नाही.” सांगताना थोडा रडलाही, त्यामुळे लोकांना त्याचीच दया आली. पेटी उघडलीच नसेल, तर गोळी दुकानातूनच आत राहून गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तपासनीस साहेबांनी लिहिलं, ‘चाचणीची गोळी आत राहिली असण्याची दाट शक्यता.’ कानसबाईचा परवाना दीड वर्ष बंद. रायफल पुरावा म्हणून सीलबंद.

आई घरी येऊन एकच वाक्य बोलली होती. “त्याने तुझं अक्षर वाचलं.” त्यानंतर लेकीची ‘कुणीतरी’ झाली.

आणि खरं सांगायचं तर कानसबाईलाही खात्री राहिली नव्हती. बघितलं होतं का मी? करंगळी घातली होती? माणूस तीच गोष्ट हजार वेळा करतो तेव्हा एक हजार एकावी वेळ आठवत नाही. ती जगाशी भांडायची, वखारवाल्याला मनातल्या मनात रोज फाडून खायची, पण आतून तिला एक प्रश्न कुरतडत होता, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

मंगळवारी वखारवाला गेल्यावर तिने पेटी मागच्या खोलीत नेली. खिडकी उघडी, चष्मा डोळ्यांवर, हातमोजे चढवलेले. काडतूस या खोलीत कधीच येत नसे. ते पुढच्या कपाटात, कुलपात. रायफल लाकडी घोडीवर आडवी ठेवली, नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे. कोठारवाल्याने बोल्ट उघडा ठेवून मधून तार ओवली होती आणि तारेला शिशाचं सील ठोकलं होतं. सहा वर्षांपूर्वीचंच सील, त्यावर तारीखही तीच.

तिने पक्कड उचलली, तार तोडायला. पण आधी बघायचं हा नियम. तारेच्या फटीतून गोळीच्या घरात बघितलं: रिकामं. करंगळी जाईल तेवढी घातली: रिकामं. मग मागच्या बाजूला छोटा दिवा धरला आणि पुढून नळीत डोकावली, गंज किती चढलाय ते बघावं म्हणून.

गंज थोडाच होता. पण नळीतल्या आट्यांवर, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांब्याचे पट्टे ओढलेले होते.

गोळीवर तांब्याचं पातळ कवच असतं. प्रत्येक गोळी जाताना त्यातलं थोडं नळीला पुसून जाते. साफ नळीतून एक गोळी गेली तर जेमतेम एखादी झाक दिसते. हे एका गोळीचं काम नव्हतं.

कानसबाई स्टुलावर बसली. हिशेब आपोआप मनात उलगडत गेला. नळी तिच्या हातून पांढरी होऊन गेली होती, चिंधी वहीत होती. त्यानंतर हिशेबाने एकच गोळी सुटली, धाकट्याची. मग सील. मग बाकीचं तांबं आलं कुठून? आकाशातून पडलं?

म्हणजे पेटी उघडली होती. म्हणजे त्याने रायफल उडवली होती, दोन दिवसांत, नवी दुर्बीण कशी बसलीय ते बघायला. आणि एक गोळी आत ठेवून, तिची चिठ्ठी तशीच लटकत ठेवून, पेटी मिटली होती.

म्हणजे मी बघितलं होतं.

तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. आला तो राग, स्वच्छ आणि गरम. सहा वर्षं! सहा वर्षं हा माणूस रस्त्यात भेटला की मान खाली घालून उसासा टाकत होता, आणि ती स्वतःलाच खात होती. वर आज येऊन माफ केलं म्हणतो. चोर तो चोर, वर शिरजोर!

टेबलावर चिंध्यांचा गठ्ठा होता. तिची नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली. ‘जितक्या आत तितक्या बाहेर’ हा नियम वडिलांनी उगीच घातला नव्हता. एखादी आतच राहिली तर पुढच्या गोळीला वाट मिळत नाही, आणि नळी धरणाऱ्याच्या तोंडावर फुटते. एक चिंधी. कुणाला कळणारही नाही. कानसबाईने एक चिंधी उचलली, दोन बोटांत मळून तिची गोळी केली आणि बराच वेळ तशीच धरून बसली. तिच्या मनात दया आली असं कुणी समजू नये. तिला फक्त दोन गोष्टी सुचल्या. पहिली, तो असा मेला तर लोक म्हणतील, पुन्हा हिचाच निष्काळजीपणा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती: मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही.

आणि त्याला लाज वाटलेली तिला बघायची होती. चार लोकांत. उजेडात.

तिने चिंधी सरळ करून गठ्ठ्यावर परत ठेवली. पक्कड खिळ्याला टांगली. हे सील तिने एकटीने तोडलं असतं तर तो उद्या म्हणाला असता, बाईनेच गोळ्या उडवल्या. आणि सवयीप्रमाणे नळी साफ करून बसली असती तर? स्वतःच्या हाताने भावाचा साक्षीदार पुसून टाकला असता, तोही चकचकीत!

पुढच्या खोलीतून आवाज आला, “कुणीतरी आत झोपलं की काय?”

“नाही,” कानसबाई म्हणाली. “जागं झालंय.”

वखारवाल्याला तिने निरोप पाठवला, सील मालकासमोर तोडायचं असा नियम आहे, शनिवारी दहाला स्वतः या. असा नियम होता का? तेव्हापासून होता. तपासनीस साहेबांची बदकांवरची जुनी बंदूक दोन महिन्यांपासून दुरुस्तीला पडली होती. ती तिने दोन दिवसांत पुरी केली आणि त्यांनाही शनिवारी दहाचीच वेळ दिली. तपासनीस अजून नोकरीत होते, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तिसरा पशुवैद्य, तोंडात तीळ न भिजणारा माणूस. त्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. शुक्रवारी तिने त्याला आपल्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर नेलं, दुकानातली त्याच मापाची रायफल त्याच्यासमोर पांढरी चिंधी निघेपर्यंत साफ केली, एकच गोळी उडवली आणि नळी तशीच ठेवली.

“हे कशासाठी?” पशुवैद्याने विचारलं.

“शनिवारी या. चहा देईन.”

“तुमच्या हातचा? विषबिष?”

“तुमच्यावर विष वाया घालवू?”

शनिवारी दहाला दुकान भरलं. हंगामाच्या तोंडावर गर्दी असतेच. आणखी चार-पाच गिऱ्हाइकं होती. वखारवाला आला तो सगळ्यांशी हात मिळवत, तपासनीसांना “काय साहेब, बदकांची खैर नाही!” म्हणत. कानसबाईने काउंटरवर पांढरा कागद अंथरला. आईच्या सुया चालू होत्या.

“साहेब,” कानसबाई तपासनीसांना म्हणाली, “सील तुमच्या खात्याचं आहे. तुम्हीच बघा आणि तुम्हीच तोडा.”

तपासनीसांनी चष्मा चढवला, सीलवरची तारीख वाचली, तार तोडली. कानसबाईने दोन्ही रायफली शेजारी शेजारी घोडीवर ठेवल्या, नळ्यांची तोंडं भिंतीजवळच्या वाळूच्या पेटीकडे. “बघा,” ती म्हणाली. तपासनीसांनी दोन्हींत करंगळी घातली. “बघितलं.”

“ही माझी. काल साफ करून एकच गोळी उडवलीय. पशुवैद्य साक्षीला होते.”

“होतो!” पशुवैद्य म्हणाला. “कानठळ्या बसल्या.”

तिने नळी पुसायच्या गजाच्या टोकाला ओली चिंधी लावली. “गजाचं टोक प्लास्टिकचं आहे, बघून घ्या. पितळी असलं तर त्याचंच तांबं उतरतं आणि उगीच बिचाऱ्या नळीला दोष लागतो. हे औषध तांबं विरघळवतं. तांबं असलं की चिंधी निळी होते.” तिने मागच्या बाजूने गज सरकवला, दहा मिनिटं औषध मुरू दिलं, मग कोरडी चिंधी फिरवून कागदावर ठेवली. बारुदाचा काळा डाग आणि कडेला फिकट निळसर झाक. दुसरी चिंधी जवळजवळ पांढरी. “एका गोळीचं एवढंच. तीन आत, तीन बाहेर.”

वखारवाला घड्याळ बघत होता. “बाई, शाळा भरवलीत का? माझी करा की आधी.”

“तुमचीच करतेय. तेवढं एकदा साहेबांसमोर सांगा, माझी वही नीट राहील. दुकानातून नेल्यावर रायफलीतून गोळ्या किती सुटल्या?”

“किती म्हणजे? ती एकच. दुर्दैवाची.” त्याने मान खाली घातली. “पेटीच उघडली नव्हती मी. शपथेवर सांगितलंय.”

“तेच. पुन्हा ऐकायचं होतं.”

तिने ओली चिंधी त्याच्या रायफलीत सरकवली. दहा मिनिटं. मग कोरडी चिंधी घालून बाहेर काढली आणि कागदावर ठेवली.

निळी. शाईत बुडवल्यासारखी निळी.

पुन्हा ओली, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा कोरडी. निळी. तिने ती पहिलीच्या शेजारी मांडली, कडा जुळवून. “चार आत, चार बाहेर.” आणि गज पुसून खाली ठेवला.

तपासनीस वाकून बघत होते. त्यांचं नाक कागदाला लागायचं बाकी होतं.

“जुनं असेल,” वखारवाला म्हणाला. आवाज चढला होता. “आधीचं असेल! तुम्ही तेव्हा नीट साफ केली नसेल!”

कानसबाईला हेच वाक्य हवं होतं. तिने सहा वर्षांपूर्वीची वही उघडली, पान तपासनीसांच्या पुढे सरकवलं. पानाला टाचलेली चिंधी वयाने जराशी पिवळटली होती, पण तिच्यावर निळ्याचा ठिपकाही नव्हता. खाली वखारवाल्याची झोकदार सही.

“चौकशीत ही वही तुम्ही पाहिली होती, साहेब. सही पाहिलीत. चिंधी पाहिली नाहीत.”

“नळीचा प्रश्नच नव्हता तेव्हा,” तपासनीस पुटपुटले.

“नव्हता खरा. मलाही सुचलं नाही. माझा भाऊ गेला होता.” मग ती वखारवाल्याकडे वळली आणि सगळी कानस जिभेवर घेऊन म्हणाली, “वीस तरी उडवल्यात. पंचवीस असतील. अख्खी पेटी रिकामी केलीत. नेम धरता येत नाही तर माणूस दुसरं करणार काय! डबे मांडले होते ना? त्यातला एक तरी लागला का?”

“वीस कसल्या!” वखारवाला उसळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “पाच होत्या! आधी तीन, मग दोन, आणि पाचही लागल्या! सहावी उडवणार एवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली म्हणून...”

तो थांबला. पण शब्द काही चिंधी नव्हे, मोजून परत आत घालायला.

आईच्या सुया थांबल्या.

“सहावी,” कानसबाई म्हणाली. आवाज अगदी हळू होता. “सहावी कुठे गेली ते मला माहीत आहे. जेवणात काय होतं हो?”

वखारवाल्याने पशुवैद्याकडे बघितलं, तपासनीसांकडे बघितलं. ज्या माणसांशी अर्ध्या तासापूर्वी हात मिळवला होता, ती सगळी एक-एक पाऊल मागे सरकली होती. “मी... मुद्दाम नाही हो. विसरलो. कुणीही विसरलं असतं...”

“विसरणं एका दिवसाचं असतं. सहा वर्षं रोज सकाळी उठून जे करत होतात त्याला विसरणं म्हणत नाहीत. माझ्या आईसमोर रडला होतात तुम्ही. तिने तुम्हाला पाणी दिलं होतं.”

ही लाज. हीच बघायची होती तिला. गालांवरून उतरणारी, कानापर्यंत पोचणारी, लपायला जागा न सापडणारी. कानसबाईने ती डोळे भरून बघितली. नजर वळवावी असं तिला एकदाही वाटलं नाही.

तपासनीसांनी दोन निळ्या चिंध्या स्वतःच्या हाताने पाकिटात घातल्या, पाकिटावर तारीख लिहिली, पशुवैद्याची सही घेतली. “ही रायफल माझ्याबरोबर येईल,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही.” मग कानसबाईकडे न बघता, “बाई, त्या वेळी माझ्याकडून...”

“ते लेखी द्या, साहेब. तोंडी मी आता काही घेत नाही.”

“आणि नळीतलं राहिलेलं?”

“तसंच ठेवलंय, तुमच्या प्रयोगशाळेला. ही रायफल मी साफ करणार नाही.”

माणसं गेली. वखारवाला दारातून बाहेर पडताना त्याची मान खरोखरच खाली होती, उसाशाशिवाय. पशुवैद्य तर चहा न घेताच धावला. त्याच्या पोटात एवढी बातमी होती की चहाला जागा नव्हती. दुकानात औषधाचा उग्र वास राहिला, पांढरा कागद राहिला, उघडी वही राहिली.

मागे खुर्ची करकरली. आई उठली होती. ती भिंतीला धरत काउंटरपाशी आली. वहीच्या पानावरची पिवळटलेली चिंधी तिने बोटाने चाचपली, अलीकडून, पलीकडून, जशी गोळीच्या घरात करंगळी फिरवतात तशी. बराच वेळ.

“बघितलं,” आई म्हणाली.

ना भिंतीला, ना खिडकीला. कानसबाईच्या जिभेवर वाक्य तयार होतं: सहा वर्षं लागली? धार लावलेलं, तेल दिलेलं, सहा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य. वखारवाल्याइतकाच त्याच्यावर आईचाही हक्क होता. ते ओठांपर्यंत आलं. आईचं बोट अजून चिंधीवरच होतं.

कानसबाईने पेन उघडून काउंटरवर ठेवलं आणि वही आईकडे फिरवली. “मग सही कर.”

वखारवाल्याच्या झोकदार सहीखाली आईने हळूहळू, एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून मान वर केली.

“तारीख कुठली घालू गं?”

सहा वर्षांत आईने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. कानसबाईने कपाळावरचा चष्मा उगीचच डोळ्यांवर ओढला.

“आजची घाल,” ती म्हणाली. “ज्या दिवशी बघितलं, त्या दिवशीची घालायची असते.”